मातीत उधारी नसते

कीर्तनात एक वाक्य ठरलेलं असतं: माती कुणालाही नाही म्हणत नाही. राजा असो की रंक, शेवटी सगळे मातीलाच मिळतात. माझी सगळी नोकरी नागपुरातल्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेत झाली, त्यामुळे हे वाक्य आलं की मी बसल्या जागी चुळबुळ करते. माती नाही म्हणते. रोज म्हणते. शेतकरी युरियाचं पोतं फोडून वावरात फेकतो, पंधरा दिवसांत त्याचं नायट्रेट होतं, आणि एका मोठ्या पावसात ते मुळांच्या खाली निघून जातं. मातीनं त्याला धरलेलंच नसतं. उलट स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, घाला, तर इथली चुनखडीची जमीन ते असं आवळून बसते की झाड शेजारी उभं राहून उपाशी मरतं. कुणाला घ्यायचं, कुणाला सोडायचं आणि कुणाला कोंडून ठेवायचं याचे मातीचे कायदे आहेत. त्यात राजा-रंक नसेल, पण भेदभाव भरपूर आहे.

नागपूर दोन खडकांच्या शिवेवर बसलेलं शहर आहे. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची. तिथून पश्चिमेला, काटोल-कळमेश्वरकडे, दख्खनच्या लाव्ह्याची काळी जमीन. पूर्वेला भंडाऱ्याच्या वाटेवर खडक बदलतो, माती पिवळट-तांबूस होत जाते आणि कापूस-संत्र्याऐवजी धानाच्या बांध्या दिसू लागतात. जुन्या बंदोबस्ताच्या कागदांत काळी, मोरंड, खरडी, बरड अशी वर्गवारी असायची. आमच्याकडे नमुना घेऊन येणारे म्हातारे शेतकरी अजून तेच शब्द वापरत, आणि त्यांचा अंदाज आमच्या यंत्राच्या फारसा मागे नसे.

काळ्या मातीतली चिकणमाती म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांची चळत. बेसाल्ट झिजून हे पापुद्रे घडत असताना त्यांच्यात ठिकठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम जाऊन बसलं. ॲल्युमिनियमचे धनप्रभार तीन, मॅग्नेशियमचे दोन. एक कमी पडला, तो कायमचा. ही उणीव भरून काढायला पापुद्र्यांच्या अंगाला बाहेरून कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश, अमोनियम असे धनप्रभारी आयन चिकटून राहतात. अशा एका ग्रॅम शुद्ध चिकणमातीचा आतला-बाहेरचा पृष्ठभाग मोजला तर तो सात-आठशे चौरस मीटर भरतो. विदर्भाची जमीन श्रीमंत म्हणतात ती या चिकटलेल्या मालामुळे, आणि तो माल टिकतो त्या एका जुन्या उणिवेमुळे.

पण हा माल मातीचा नाही. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा एक जमीनदार, हॅरी स्टीफन थॉम्प्सन, यानं 1845 च्या सुमाराला मातीनं भरलेल्या नळीतून अमोनियम सल्फेटचं पाणी वरून ओतलं. खाली आलेल्या पाण्यात अमोनियम जवळपास नव्हतंच. ते मातीनं ठेवून घेतलं होतं. पण त्या पाण्यात कॅल्शियम मात्र आलं होतं. पुढे 1850 मध्ये जॉन थॉमस वे यानं दाखवून दिलं की जितकं आत गेलं, तितकंच, प्रभाराच्या हिशेबानं अगदी तितकंच, बाहेर आलं होतं. माती काहीही फुकट ठेवून घेत नाही आणि फुकट देतही नाही. मूळसुद्धा पोटॅश घेतं तेव्हा आपल्याकडचा हायड्रोजन बाहेर टाकतं. घेतलं की त्याच क्षणी द्यायचं. सगळा व्यवहार रोखीचा. वहीत नाव लिहून ठेवण्याची सोय नाही.

हे सगळं मी वर्षानुवर्षं शेतकऱ्यांना सांगत आले, पण धर्माशी त्याची गाठ पडली ती बाबा गेले तेव्हा.

बाबांचा संत्र्याचा बगीचा काटोलकडे. जंबेरीवर बांधलेली कलमं, आंबिया आणि मृग अशा बहारांच्या ताणातून पन्नासेक वर्षं उभा राहिलेला. बाबा गेले, घाटावरून राख आणि अस्थी आल्या, आणि तिसऱ्या दिवशी घरात दोन तट पडले. आईचं म्हणणं सरळ होतं. सासऱ्याच्या अस्थी रामटेकला अंबाळ्याच्या तळ्यात नेल्या होत्या, यांच्याही तिथंच जातील. "त्यायले अंबाळ्यालेच न्या," एवढंच ती म्हणत होती. धाकट्या भावाला मात्र त्या बगीच्यात पुरायच्या होत्या. हल्ली बरीच कुटुंबं नदीत अस्थी न सोडता शेतात पुरतात, वर झाड लावतात. त्याचे फोटो गावोगावच्या मोबाइलवर फिरत असतात. भावाचं वाक्य तयार होतं: बाबा झाडात येतील, संत्र्यात येतील. मग दोघांनी माझ्याकडं पाहिलं. "ताई, मातीचं तुले समजते. सांग तूच."

मला मातीचं समजत होतं, हीच अडचण होती. तशी भावाची कल्पना नव्यानं सुचलेली नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चितेच्या अग्नीला उद्देशून एक सूक्त आहे. त्यात मेलेल्याला सांगितलंय की तुझा डोळा सूर्याकडे जावो, प्राण वाऱ्याकडे, आणि शरीर वनस्पतींमध्ये जाऊन राहो. छांदोग्य उपनिषदात तर पूर्ण रस्ताच आखून दिलाय. प्रवाहण जैवली हा राजा गौतम आरुणीला सांगतो: यज्ञ-दान करणारा गृहस्थ धुराच्या वाटेनं चंद्रापर्यंत जातो, पुण्य संपलं की परत फिरतो, आकाश, वारा, धूर, धुकं, ढग, आणि मग पाऊस होऊन खाली येतो, भात, जव, तीळ, उडीद होऊन उगवतो. तिथून सुटका कठीण, असंही त्यात म्हटलंय. कुणी ते अन्न खाल्लं, त्याचं बीज झालं, तरच पुढचा जन्म.

माती परीक्षणवाल्या बाईनं हे वाचलं की ती थक्क होते, कारण हा कर्ब आणि नत्राचा रस्ता आहे. चितेवर माणसातला कर्ब आणि पावणेदोन किलो नत्र खरोखर धुरात जातं. त्यातलं थोडं पावसाबरोबर परत येतं, बाकीचं हवेत मिसळतं, आणि हवेतलं नत्र जमिनीत ओढून आणण्याचं काम ज्यांच्या मुळांच्या गाठी करतात त्यात उडीद आहे. ऋषीला जिवाणू माहीत नव्हते. पण यादी करताना उडीद सुटला नाही, याचं मला बरं वाटतं.

स्फुरदाचं काय, हे मात्र उपनिषद सांगत नाही. स्फुरद धुरात जात नाही. त्याला हवेचा रस्ताच नाही. ते खडकातून निघतं, हाडात बसतं आणि राखेत उरतं. माणसाच्या अंगात सहा-सातशे ग्रॅम स्फुरद असतं आणि त्यातलं बहुतेक हाडांत. घाटावर वेचून आणलेल्या अस्थी म्हणजे रसायनाच्या भाषेत कॅल्शियम फॉस्फेट. उपनिषदानं धुराचा हिशेब ठेवला, उरलेली हाडं पाण्यात सोडायची असं पुढच्या लोकांनी ठरवलं. म्हणजे शेतातून आलेलं स्फुरद तळ्यात. आईचा पक्ष मातीच्या दृष्टीनं वाया घालवण्याचा होता, हे उघडच होतं.

पण भावाचा पक्षही खरा ठरत नव्हता. बगीच्यातल्या मातीचा सामू आठच्या वर, चुनखडीचे खडे खुरप्याला लागतात. अशा जमिनीत लोह आणि जस्त असूनही झाडाला मिळत नाही; संत्र्याची कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, हे त्या पट्ट्यातल्या प्रत्येक बागायतदाराला माहीत आहे. त्या जमिनीत हाडांची राख पुरली, तर ती विरघळणार कशी? आधीच कॅल्शियम ओसंडून वाहतंय, वर आणखी कॅल्शियम. कॅल्शियम फॉस्फेट आम्लात विरघळतं, चुन्यात दगडासारखं पडून राहतं. इंग्लंडात जॉन बेनेट लॉजनं 1842 मध्ये पेटंट घेतलं ते नेमकं यासाठी: हाडांवर गंधकाचं आम्ल ओता, म्हणजे त्यातलं स्फुरद पिकाला लागू होईल. तिथून सुपर फॉस्फेटचा धंदा सुरू झाला. हाडांची भूक तेव्हा इतकी होती की जर्मन रसायनशास्त्रज्ञ लायबिखनं इंग्लंडवर आरोप केला, तुम्ही लाइपझिग, वॉटर्लू आणि क्रिमियाच्या रणांगणांवरची हाडंसुद्धा उकरून आपल्या शेतात नेलीत. माणसं मातीला मिळाली होती. मातीनं त्यांना जशीच्या तशी सांभाळून ठेवलं होतं, कुणी येऊन खणेपर्यंत.

तेव्हा बाबा संत्र्यात येणार नव्हते. निदान आमच्या नातवंडांच्या हयातीत तरी नाही. उलट, चितेची राख अल्कधर्मी, तिच्यात सोडियमही असतं. आळ्यात खोडाशी पुरली तर पानं आणखी पिवळी पडायची. हे मी भावाला सांगितलं. तो गप्प बसला, आणि आईला वाटलं की मी तिच्या बाजूनं बोलले.

याच दिवसांत प्रयोगशाळेतले माझे एक जुने सहकारी भेटायला आले. बौद्ध कुटुंबातले. त्यांच्या वडिलांनी 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारला होता. त्या दिवशीच्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, अशीही एक आहे, त्यामुळे आमच्या घरातला वाद त्यांना परका वाटायला हवा होता. पण त्यांनी दुसऱ्याच दिवशी बाबासाहेबांचं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आणून दिलं. पुनर्जन्माच्या प्रकरणात बाबासाहेबांनी प्रश्न विचारलाय, पुनर्जन्म कशाचा? आत्म्याचा नाही, असं त्यांचं उत्तर. शरीर ज्या पृथ्वी, आप, तेज, वायू यांचं बनलंय ते मरत नाहीत. ते आपापल्या जातीच्या साठ्यात जाऊन मिसळतात, आणि त्या साठ्यातून पुन्हा एकत्र आले की नवा जन्म होतो. पण तीच माणसं परत येत नाहीत. नव्या जुळणीला जुन्याचं नाव नाही.

मला हे छांदोग्यापेक्षा मातीच्या जवळचं वाटतं, आणि ते मी आईसमोर म्हणाले नाही. पोटॅशचा एक आयन पापुद्र्यावरून सुटला, मुळात गेला, पानात चढला. तो कुणाचा होता? बाबांच्या राखेतला, गेल्या वर्षीच्या शेणखतातला, की बेसाल्टातून आलेला? शोधता येत नाही असं नाही. किरणोत्सारी अणूंनी खूण करून मागोवा घेता येतो. पण ती खूण आपण लावलेली. मातीला आणि झाडाला ती वाचता येत नाही. संत्र्यात बाबा येतील असं म्हणताना भाऊ आयनांना आडनाव देत होता. बुद्धाचं म्हणणं, निदान मला उमगलं तेवढं, हेच की दुःख त्या आडनावातून सुरू होतं. पण हेही खरं की आडनाव काढून टाकलं तर शोक करायला काही उरत नाही, आणि बाप गेल्यावर तेराव्या दिवसापर्यंत तरी माणसाला शोक करण्याचा हक्क हवा. या जागी मला बुद्धाचं पुरतं पटत नाही.

मग मी ऋणाची गोष्ट काढली. पितृऋण आहे, जमिनीचंही आहे, तर ते फेडायचं कसं? सहकारी हसले. "मॅडम, तुमच्या ऋषींनी ऋणं मोजली आणि फेडायला आमची माणसं लावली." त्यांच्या आजोबांकडे गावातलं मेलेलं ढोर ओढून न्यायचं काम होतं. चामडं, हाडं, मांस, सगळं वाटेला लावायचं. बाबासाहेबांनी ते काम सोडा म्हटलं आणि आजोबांनी सोडलं. "हाडं मातीत परत नेणारे अस्पृश्य, आणि हाडं तळ्यात नेऊन टाकणारे पवित्र. तुमच्या खतशास्त्रात हे कुठं बसतं?"

मला उत्तर देता आलं नाही, म्हणून मी आकडेमोड केली. आमच्या पेशात हीच सवय. भारतीय माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला अंदाजे पावणेतीन किलो नत्र आणि चारशे ग्रॅम स्फुरद बाहेर पडतं. ऐंशी वर्षांचं आयुष्य धरा. स्फुरद तीस किलोंच्या आसपास, नत्र दोनशे किलोंच्या वर. आणि अस्थींच्या मडक्यात सहा-सातशे ग्रॅम. आम्ही भांडत होतो ते पन्नासातल्या एका भागासाठी. बाकीचे एकोणपन्नास माणूस जिवंत असतानाच जमिनीतून उचलतो आणि कुठेतरी सोडतो. त्या 'कुठेतरी'वर धर्मशास्त्रानं सोवळ्या-ओवळ्याचं पुष्कळ लिहिलं, ऋण म्हणून कधी लिहिलं नाही.

नागपुरात हे 'कुठेतरी' कुणालाही जाऊन पाहता येतं. शहराचं सांडपाणी नाग नदीत, नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगा गोसीखुर्दच्या धरणात. अन्नातून शहरात आलेलं काटोलचं, वरुडचं, भंडाऱ्याचं स्फुरद तिथं जाऊन जलपर्णी वाढवतं. भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, ही चांगली गोष्ट आहे; पाणी वाचतं. पण वावराचं वावरात परत जात नाही. त्यातच विदर्भातल्या अनेक विहिरींत नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या मर्यादेपुढे गेलेलं. एकीकडे नत्र विकत आणायचं, ते विहिरीत मुरवायचं, आणि जे घरचं होतं ते नदीला वाहायचं.

याला शास्त्र सोडून उत्तर देणारी माणसं इथं जवळच होऊन गेली. 'गीताई' लिहिणारे, उपनिषदांवर बोलणारे विनोबा 1946 च्या सुमाराला पवनारहून खांद्यावर फावडं घेऊन रोज सुरगावला चालत जात आणि गावाची घाण उचलून तिचं खत करत. कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत संडास आणि सोनखताचे प्रयोग करण्यात आयुष्य घालवलं. दोघेही जन्मानं ब्राह्मण, ही गोष्ट मी सहकाऱ्यांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "म्हणून तर पुस्तकात आले." तेही खरंच.

मातीत रोखीचा व्यवहार असतो असं मी वर म्हटलं ते इथं मला पुन्हा लागू करावंसं वाटतं. ऋण या कल्पनेत सावकार लागतो, नाव लागतं, मुदत लागते. मेल्यावर मुलानं फेडलं तरी चालतं. मातीशी असं नातं जोडता येत नाही. काटोलची संत्री बांगलादेशात विकली गेली, खाणाऱ्यानं ढाक्यात पचवली; त्यानं फेडायचं कुणाला? बाबांनी बाजारात विकलेल्या प्रत्येक गाडीबरोबर जमिनीचं पोटॅश आणि स्फुरद गेलं, आणि त्या बदल्यात जे त्याच हंगामात परत आलं, शेणखत, ढेप, गाळ, तेवढाच व्यवहार झाला. बाबांनी तो बऱ्यापैकी केला होता. उकिरडा कधी रिकामा नसे. त्यांच्या बाजूनं मातीकडं थकबाकी होती का, हे आता अस्थींनी ठरणार नव्हतं, आणि मला वाटतं या विचारानं भावाला माझ्यापेक्षा जास्त दिलासा मिळाला.

शेवटी एक गंमत झाली. हाडांची राख जिरेल, विरघळेल, पिकात जाईल अशी जमीन खरंच कुठं आहे, असं भावानं विचारलं. मी म्हटलं, आहे. भंडाऱ्याकडे, माझ्या सासरच्या धानाच्या बांधीत. तिथली माती आम्लाकडे झुकलेली, चुनखडी नाही, वर पावसाळाभर पाणी साचलेलं. स्फुरद तिथं मोकळं होतं. आई ताडकन म्हणाली, "जावयाच्या वावरात? लेकीच्या घरचं पाणी नाही पेले ते कधी." आणि ते खरंच होतं, बाबा माझ्याकडे आले की जाताना पाण्याचेसुद्धा पैसे माझ्या मुलाच्या हातात ठेवून जात. जी माती त्यांना घ्यायला तयार होती, तिथं रीत आडवी आली. मग अस्थी अंबाळ्यालाच गेल्या, आणि एक मूठ राख भावानं बगीच्याच्या धुऱ्यावर, झाडांपासून लांब टाकली.

यंदा त्यानं बगीच्यातल्या घराला दोन खड्ड्यांचं शौचालय बांधलंय. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा. वर्ष-दीड वर्षानं पहिल्यातलं कोरडं, बिनवासाचं खत काढून झाडांना द्यायचं. विटांची जाळी कशी ठेवायची, विहिरीपासून किती लांब खणायचं, सगळं त्यानं मला विचारून केलं. पहिला खड्डा दिवाळीत बंद झाला. गडीमाणसाला विचारलं तर त्यानं आधीच हात जोडले. भाऊ म्हणतो मीच उपसतो, आई म्हणते मग स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. खड्डा कोण उपसणार, यावर घरात अजून बोलणं व्हायचंय.